काशीफळ, एसओएम आणि अण्णा

मेसमध्ये लाल भोपळ्याची भाजी असली की आपल्या हॉस्टेलात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. अर्धी पब्लिक वास घेऊनच मागे फिरते आणि गेटबाहेरच्या वडापाववाल्याचा धंदा वाढतो. मीही त्यातलाच होतो. पण मागच्या वर्षीपासून मी ती भाजी निमूटपणे खातो, वर दुसऱ्यांदा वाढूनही घेतो. रूम पार्टनर विचारतो, "तुला झालंय तरी काय?" त्याला एकदा सगळं सांगायचं म्हणून हा लेख.

मागच्या वर्षी माझा वायडी झाला. बाकीचे विषय कसेबसे ओढले असते, पण एसओएमने घात केला. गादी गुंडाळली, टेबल फॅन काखेत मारला आणि परभणीहून जिंतूरची एसटी धरली. आमचं गाव जिंतूरपासून आठ-दहा किलोमीटर आत. अण्णा, म्हणजे माझे वडील, काहीच बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं! "जेवलास का", "मोटार चालू कर", "बैल सोड" एवढ्यावरच आमचा संवाद ऑगस्ट-सप्टेंबर दोन महिने चालला.

घरामागे जुना उकिरडा आहे. त्यातलं खत उन्हाळ्यात शेतात जातं आणि पहिल्या पावसाला आजी तिथे काशीफळाच्या बिया टोचते. (पुण्या-मुंबईकडच्या मित्रांसाठी: काशीफळ म्हणजे तुमचा लाल भोपळा. कोणी डांगर म्हणतं.) उकिरड्यावरचा वेल म्हणजे माजलेला वेल. पानं सुपाएवढी. त्यातलं सगळ्यात मोठं फळ आजी दरवर्षी कार्तिक पौर्णिमेला काकड्याच्या समाप्तीच्या पंगतीला देते. आजोबा गेले त्या वर्षीसुद्धा तिने ते चुकवलं नव्हतं.

तर मागच्या वर्षी एक फळ असं काही धरलं की सप्टेंबरअखेर ते एकट्याला उचलेना. मग परतीचा पाऊस आला. आधी पंधरा दिवस कडक ऊन आणि एकदम पाणी. चौथ्या दिवशी सकाळी पाहतो तर देठाला भेग! बोटाचं नख आत जाईल एवढी, आणि तिच्यातून पाणी पाझरत होतं.

मला वाटलं, चला, इंजिनिअरिंग दाखवायची संधी आली. मेणबत्ती वितळवून भेग भरली आणि वरून काळी इन्सुलेशन टेप घट्ट सात-आठ वेढे मारली. एकदम वॉटरप्रूफ जॉइंट! अण्णांनी येता-जाता पाहिलं, पण काही म्हणाले नाहीत. आठ दिवसांनी वास सुटला. टेप काढली तर आत तपकिरी चिखल, वर पांढरी बुरशी. हात लावताच फळ देठापासून सुटलं. देठाकडून चार बोटं आतपर्यंत गर सडला होता. अण्णांनी ते फळ खोऱ्याने उकिरड्याच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन पुरलं, हात धुतले आणि शेतात गेले. आजी ओट्यावर बसून पाहत होती. ती फक्त म्हणाली, "राहू दे, दुसरं हाय एक." त्या दिवशी मला निकालाच्या दिवसापेक्षा जास्त लाज वाटली.

दुसरं फळ लहान होतं, पण वाढत होतं. ऑक्टोबरच्या मध्याला त्याच्याही देठावर बारीक रेघ उमटली. मी टेप शोधायला निघालो तेव्हा मागून अण्णांचा आवाज आला, "बांधू नको आता. जखम आहे ती, वारं लागू दे तिला." निकालानंतर त्यांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं पूर्ण वाक्य.

मग त्यांनी उकिडवं बसून मला वेल दाखवला. काशीफळाचा वेल पसरतो तशा त्याला पेरापेरातून मुळ्या फुटतात आणि तो जमिनीला खिळून बसतो. फळ फुगतं तसा त्याचा खांदा वर येतो, देठाला वर ओढतो. वेल खाली धरलेला, फळ वर ढकलतंय, मधल्या मध्ये देठ पिचतो. त्यात उकिरड्याचं खत आणि वरून पाऊस, म्हणजे फळाची वाढ देठाला झेपत नाही. अण्णांनी फळाजवळच्या दोन-तीन पेरांच्या मुळ्या बोटांनी अलगद सोडवल्या, वेल थोडा उचलून खाली कडब्याची पेंढी सरकवली. देठाचा ताण डोळ्यांदेखत सैल झाला. "लांबच्या मुळ्या हायेत की खायला घालायला," ते म्हणाले.

मी तसाच बसून राहिलो. कारण हा प्रश्न मला पेपरात आला होता! फिक्स्ड बीम, एक सपोर्ट वर-खाली सरकला तर मोमेंट किती? सहा ईआय डेल्टा भागिले एल वर्ग. फळ वर येतंय तो डेल्टा. वेल खिळलेला तो फिक्स्ड एंड. अण्णांनी मोकळा भाग एका वितीचा तीन विती केला, म्हणजे मोमेंट एकदम नवव्या हिश्शावर! पेपरात मी एल वर्गाऐवजी नुसता एल लिहून आलो होतो.

ताण गेला तरी भेग होतीच, आणि ओल आत राहिली की बुरशी येणार. औषध मामांनी फोनवर सांगितलं. त्यांची जालन्याकडे मोसंबीची बाग आहे. ते झाडांच्या खोडांना बोर्डो पेस्ट लावतात: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. आम्ही 100-100 ग्रॅमवर भागवलं. मोरचूद अर्ध्या लिटरमध्ये, चुना अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या डब्यांत, मग एकत्र. लोखंडी भांडं चालत नाही. झालेल्या पेस्टमध्ये स्वच्छ लोखंडी सुरी मिनिटभर बुडवायची. सुरीवर तांबूस थर आला तर मोरचूद जास्त आहे, आणखी चुना घाला. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीतली डिस्प्लेसमेंट रिअ‍ॅक्शन, दुसरं काही नाही. आमच्या सुरीवर थर आला. चिमूट-चिमूट चुना घालत तिसऱ्या वेळेला सुरी कोरी निघाली.

पण पेस्ट लगेच फासायची नाही. आधी ब्लेड ज्योतीवर धरून घेतलं, भेगेतला मऊ पडलेला भाग कडक हिरवा देठ लागेपर्यंत खरवडला, कापसाने टिपला आणि दिवसभर उघडा ठेवला. इथे माझा हॉस्टेलचा टेबल फॅन कामाला आला. ओट्यावरून वायर ओढली आणि लाइट असेल तेवढा वेळ देठावर वारं. गल्लीतली पोरं बघायला जमली. आजी म्हणाली, "कामून रे, काशीफळाला ताप आला का?" संध्याकाळी भेग कोरडी ठणठणीत झाल्यावर ब्रशने पेस्टचा पातळ हात दिला. फळाखालची काळी माती ओल धरून बसते, म्हणून दोघांनी फळ किंचित तोलून धरलं आणि आजीने खाली वाळू सारली. देठाभोवतीच्या खळग्यात पाणी साचू नये म्हणून वर आजोबांची जुनी छत्री रोवली. पाणी द्यायचं बंद केलं.

नंतर मोबाइलवर वाचत बसलो तेव्हा कळलं की भोपळ्याचं वेड असलेले लोक जगभर आहेत. 2023 साली कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बेच्या स्पर्धेत 1247 किलोचा भोपळा आला होता. म्हणजे आपल्या मेसला सेमिस्टरभर पुरेल! असली फळं भराच्या दिवसांत रोज वीसेक किलोने वाढतात, आणि देठ फाटणं हेच त्यांचंही दुखणं. तीही मंडळी फळाजवळच्या मुळ्या उपटतात, भेग खरवडून बुरशीनाशक पावडर लावतात आणि हो, पंखा लावतात! जॉर्जिया टेकच्या डेव्हिड हू आणि सहकाऱ्यांनी तर 2011 मध्ये यावर पेपर लिहिला, की मोठे भोपळे वाढताना स्वतःच्याच वजनाने चपटे का होत जातात. मी अण्णांना हे सांगितलं. ते म्हणाले, "पंखा त्यांनी तुझं बघून लावला असंल." दोन महिन्यांनी त्यांनी केलेला पहिला विनोद. मग रात्री जेवताना स्वतःच विचारलं, "ते सहा ईआय काय म्हणत होतास, पुन्हा सांग." मी ताटात भाकरी आडवी धरून सांगितलं. त्यांना पटलं की नाही कोण जाणे, पण पूर्ण ऐकून घेतलं.

भेगेच्या कडा हळूहळू खरखरीत, लाकडासारख्या झाल्या. ती भरून आली नाही, तशीच वाळली. पौर्णिमेच्या दोन दिवस आधी अण्णांनी देठ वीतभर ठेवून फळ तोडलं आणि मला बजावलं, देठाला धरून उचलायचं नाही, खालून हात घाल. कापसाच्या काट्यावर 19 किलो भरलं. पहिलं असतं तर तीसच्या पुढे गेलं असतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मंदिरात कापलं तेव्हा मी देठाकडची बाजू आधी पाहिली. केशरी, कोरडी, स्वच्छ.

एसओएममध्ये या वेळी 52 पडले. आजीने बिया राखेत घोळून वाळवल्या, त्यातल्या दहा-बारा माझ्या ट्रंकेत आहेत. मेसच्या मागे खरकट्याचा ढीग पडतो ती जागा मी पाहून ठेवली आहे. ऊन भरपूर आहे, पाइपही जवळ आहे. रेक्टर सरांची परवानगी तेवढी बाकी आहे. आणि हो, कुणाकडे जुनी छत्री असेल तर टाकू नका.