एक अर्ज, एकच पावती

फॉर्मच्या खाली तांबड्या अक्षरांत लिहिलेलं असतं : 'सबमिटचे बटण एकदाच दाबावे.' ही सूचना दिसली की समजावं, आतलं काम अर्धवट राहिलंय. ज्याला पावती दिसली नाही, तो बटण पुन्हा दाबणारच. त्याच्या दृष्टीनं अर्ज अजून गेलेलाच नसतो.

*

2023 च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीकविमा सुरू झाला. 31 जुलै ही शेवटची तारीख, ती पुढे 3 ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. अशा दिवसांत साक्री, शिंदखेडा, अमळनेर, कुठल्याही तालुक्याच्या गावी सीएससी केंद्रावर काय चालतं ते उभं राहून पाहावं. स्क्रीनवर चकरी फिरतेय. मागे रांग. समोरच्या शेतकऱ्याला गावाकडची एसटी गाठायची आहे. केंद्रचालक थोडा वेळ वाट पाहतो, मग रिफ्रेश मारतो, मग मागे जाऊन पुन्हा सबमिट. त्यात त्याचा काय दोष? वेबसाइट बनवणाऱ्यानं ही खुर्ची, ही रांग आणि हे नेटवर्क डोळ्यांसमोर ठेवूनच प्रोग्रॅम लिहायला हवा.

*

'भाऊ, पैसा कटी ग्यात, पावती उनी नही.'

अहिराणीतलं हे एक वाक्य म्हणजे अख्खा बिघाड आहे. विनंती सर्व्हरपर्यंत पोचली, नोंद झाली, पैसे वळते झाले. परतीच्या वाटेवर उत्तर हरवलं. माणसाला मात्र 'अर्ज गेलाच नाही' आणि 'अर्ज गेला, पण उत्तर आलं नाही' हे दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. फरक फक्त सर्व्हरला कळू शकतो, म्हणून जबाबदारीही त्याचीच.

*

पहिल्या क्लिकनंतर बटण निष्क्रिय करायचं, हा उपाय सगळे आधी करतात. करावाच. पण तो ब्राउझरमध्ये राहतो. रिफ्रेश, दुसरा टॅब, मोबाइल ॲपनं आपणहून केलेला पुन्हा प्रयत्न, यांपुढे तो चालत नाही.

*

रिफ्रेशवरचा उपाय जुना आणि सोपा आहे. फॉर्म 'पोस्ट'नं, म्हणजे माहिती पाठवणाऱ्या विनंतीनं, आला की नोंद करायची आणि उत्तरात पान द्यायचंच नाही. 'दुसऱ्या पत्त्यावर जा' असं सांगणारा 303 हा क्रमांक आणि पावतीच्या पानाचा पत्ता द्यायचा. ब्राउझर त्या पत्त्यावर साध्या 'गेट'नं, म्हणजे नुसतं पान मागणाऱ्या विनंतीनं, जातो. आता कुणी कितीही वेळा रिफ्रेश मारला तरी पावतीच पुन्हा उघडते, अर्ज पुन्हा जात नाही. 303 हा क्रमांक 1997 सालच्या एचटीटीपी 1.1 च्या मानकापासून आहे. तरीही फॉर्म पुन्हा पाठवू का, असं विचारणारी ब्राउझरची खिडकी आजही सरकारी-खासगी साइटींवर दिसते. इतका स्वस्त उपाय न करण्याला मला काही कारण दिसत नाही.

*

मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवताना मी सर्वांत जास्त वेळ एका प्रश्नावर घालवतो : तोच अर्ज दुसऱ्यांदा आला, तर सर्व्हरनं तो कसा अडवायचा? बहुतेक जण असं लिहितात : आधी शोधा, हा अर्ज आहे का? नसेल तर टाका. वाचायला बरोबर वाटतं. आता दोन विनंत्या काही मिलिसेकंदांच्या अंतरानं आल्या असं धरा. पहिली विचारते, आहे का? नाही. तिची नोंद पडण्याआधीच दुसरी विचारते, आहे का? नाही. मग दोघी नोंद करतात. लॅबमध्ये एकटं बसून हे कधी दिसत नाही. शेवटच्या तारखेला दिसतं.

म्हणून हा निर्णय डेटाबेसवर सोपवायचा. फॉर्म उघडतानाच त्यात एक अनन्य क्रमांक दडवून ठेवायचा, बाजार समितीच्या गेटवर गाडीला टोकन मिळतं तसा, आणि टेबलात त्या रकान्यावर 'युनिक'ची अट घालायची. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तरी एकच आत जाते. दुसरीला मायएसक्यूएल 1062 क्रमांकाची चूक दाखवतं. पोस्टग्रेसमध्ये तोच नकार 23505 म्हणून येतो.

*

आणि ही चूक पकडल्यावर काय करायचं? तांबड्या पट्टीत 'डुप्लिकेट एंट्री' छापू नका. पहिल्या अर्जाची पावती शोधा आणि तीच दाखवा : 'तुमचा अर्ज पोचला आहे', अर्ज क्रमांक, वेळ, प्रिंटचं बटण. दुसऱ्या क्लिकला पहिल्याच क्लिकचं उत्तर मिळालं, की रांगेतला माणूस निर्धास्त घरी जातो.

*

टोकन एकाच फॉर्मपुरतं. तोच माणूस संध्याकाळी दुसऱ्या केंद्रावर जाऊन नवा फॉर्म भरू शकतो. मग 'तोच अर्ज' कशावरून ओळखायचा? इथे संगणकापेक्षा शेती कळावी लागते.

आधार क्रमांक युनिक केला की झालं, असं शहरात बसून वाटतं. पण रावेरच्या शेतकऱ्याची एका गटात केळी असते, दुसऱ्यात कापूस. त्याचे दोन अर्ज रास्त आहेत. उलट बाजूनं, एका सातबाऱ्यावर तीन भावांची नावं असतात, म्हणून नुसता गट क्रमांकही पुरत नाही. खातेदार, गाव, गट, पीक, हंगाम आणि वर्ष एवढं जुळलं तर तोच अर्ज म्हणता येईल. त्यातही गट '45/1' असा लिहिला की '४५/१' असा, मागे एखादी मोकळी जागा राहिली का, हे आधी एकसारखं करून घ्यावं लागतं. नाहीतर डेटाबेसला ते दोन वेगळे गट वाटतात. ही अट सैल राहिली तर पैसे दोनदा जातात, फार आवळली तर हक्काचा शेतकरी बाहेर राहतो. दुसरी चूक मला जास्त वाईट वाटते.

*

2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज आधी ॲपवर होते, नंतर वेगळं पोर्टल आलं, अंगणवाडी सेविकांनीही भरून दिले. दारं अनेक असली की एकाच बाईचा अर्ज दोन दारांनी येण्याची शक्यता धरूनच चालावं. तपासणी दारावर न ठेवता सगळी दारं जिथे मिळतात तिथे हवी.

*

पैशाचं वेगळं. अर्जासोबत फी भरायची असेल, तर तिचा ऑर्डर क्रमांक पैसे मागण्याआधी तयार करून साठवावा आणि पुढच्या प्रत्येक प्रयत्नात तोच वापरावा. उत्तर आलं नाही तर नवा व्यवहार सुरू करण्याआधी जुन्याची स्थिती बँकेकडे विचारावी. रिझर्व्ह बँकेचं 20 सप्टेंबर 2019 चं परिपत्रक परीक्षेचे फॉर्म भरणाऱ्या प्रत्येक मुलाला माहीत हवं. यूपीआयनं दुकानदाराला किंवा संस्थेला पैसे देताना खात्यातून रक्कम गेली आणि समोर पोचल्याची खात्री झाली नाही, तर ती पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाई.

*

चाचणीसाठी जळगावच्या ऑफिसमधलं वायफाय वापरू नये. फोन घेऊन चोपड्याच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला जावं, सबमिट दाबून लगेच डेटा बंद करावा, चालू करून पुन्हा दाबावं. मग टेबलात ओळी मोजाव्यात.