यील्ड पॉइंटच्या अलीकडे, पलीकडे

एसओएमच्या प्रॅक्टिकलला युटीएमवर माइल्ड स्टीलची सळी ओढून तोडायची आणि मग जर्नलमध्ये स्ट्रेस-स्ट्रेनचा आलेख काढायचा, हे आपल्यापैकी प्रत्येक मेकॅनिकलवाल्याने केलंय. (आलेख बहुतेक जण सिनिअरच्या जर्नलवरून उतरवतात, हे सरांनाही ठाऊक आहे. असो!) ओरलला प्रश्न ठरलेला, "यील्ड पॉइंट म्हणजे काय?" उत्तरही ठरलेलं. अलीकडे असताना ताण काढला तर धातू मूळ जागी येतो, पलीकडे गेला की पूर्ण येत नाही. मार्क मिळतात, विषय सुटतो. मला मात्र हा बिंदू नंतर दोनदा भेटला. एकदा भिंतीवर टांगलेल्या धनुष्यात आणि एकदा माझ्या बाबांच्या छातीत. दोन्ही वेळा गोरेगावातच.

गोरेगाव म्हटलं की हॉस्टेलवरच्या मैत्रिणी पहिला प्रश्न फिल्मसिटीचा विचारतात. पण आमच्या गोरेगाव पूर्वेला आरे कॉलनी आहे, तिथे दूध वसाहतीच्या कितीतरी आधीपासूनचे वारल्यांचे पाडे आहेत, आणि बिबळे आहेत. बाबांच्या ओळखीचे एक आजोबा खांबाच्या पाड्यावर राहतात. त्यांच्या घरात भिंतीवर बांबूचं जुनं धनुष्य आहे. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद झाली, तेव्हा ते आता नुसतं टांगलेलं असतं. मी बारावीत असताना पाहिलं तर दोरी एका टोकाने सोडलेली. मला वाटलं तुटली असेल. आजोबा म्हणाले, "तुटली कशाला? ताण काढून ठेवलाय. चढवून ठेवलं तर बांबू वाकलेलाच राहतो, मग बाणाला जोर राहत नाही."

पुढे एसओएम शिकताना कळलं की आजोबांनी एका वाक्यात अर्धं युनिट शिकवलं होतं. धनुष्य म्हणजे एक स्प्रिंग. ओढताना हाताने घातलेली ऊर्जा त्याने साठवायची आणि सोडताच बाणाला द्यायची. कायमचं वाकणं म्हणजे ऊर्जा बुडाली! धनुष्याचं सगळं आयुष्य लवचिकतेच्या हद्दीत जायला हवं.

शिकारीच्या धनुष्यात मोठा बदल केला तो अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या हॉलेस विल्बर अ‍ॅलन याने. याने धनुष्याची टोकं कापून तिथे कप्प्या बसवल्या. १९६६ साली पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ साली ते मिळालं. कप्प्या एक्सेंट्रिक, म्हणजे मध्यापासून सरकलेल्या. त्यामुळे ओढताना जोर आधी चढतो आणि पूर्ण ओढल्यावर एकदम उतरतो. २५ किलोचा ताण शेवटी पाच-सहा किलोवर येतो आणि नेम धरायला उसंत मिळते. यालाच कंपाउंड धनुष्य म्हणतात. ते आता आपल्याकडे शिकारीचं नाही, खेळाचं आहे. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी याच धनुष्याने जगज्जेती झाली. त्याच दिवशी नागपूरचा, पण साताऱ्यात सराव करणारा ओजस देवतळे १५० पैकी १५० गुण घेऊन जिंकला. (मेसमध्ये त्या दिवशी मॅच लावली नव्हती, याचा निषेध इथे नोंदवून ठेवते.)

आता बाबांकडे वळते. बाबा उद्योगनगरमधल्या एका वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर काम करतात. २०२३ च्या जूनमध्ये जिना चढताना छातीत दुखलं. दोन दिवस त्यांनी ते अ‍ॅसिडिटीच्या नावावर खपवलं. तिसऱ्या दिवशी अँजिओग्राफी आणि लगेच अँजिओप्लास्टी. मी रात्रीच्या गाडीने निघून पोचले तेव्हा आई फाइल मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. फाइलमध्ये स्टेंटचं स्टिकर होतं, त्यावर ३.० आणि २४. मिलिमीटर! तीन मिलिमीटर व्यासाच्या नळीवर आमचं घर उभं होतं. आईने विचारलं, "ती जाळी पुन्हा मिटणार तर नाही ना? तू इंजिनिअरिंगला आहेस, सांग की."

तेव्हा काही सांगता आलं नाही, कारण ते आम्हाला शिकवलंच नव्हतं. नंतर लायब्ररीत वाचलं ते असं.

झुरिकच्या आंद्रेयास ग्रुंटसिग याने फुग्याच्या नळ्या आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बनवल्या, आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी जाग्या माणसाच्या हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी फुग्याने पहिल्यांदा उघडली. पण एक अडचण राहिली. फुगा काढला की रक्तवाहिनी पुन्हा आखडू पाहते. म्हणजे रक्तवाहिनीची भिंतसुद्धा धनुष्यच! ओढा, सोडा, मूळ जागी. १९७८ साली ग्रुंटसिगचं भाषण ऐकणारा अर्जेंटिनाचा डॉक्टर हूलिओ पालमाझ याच्यामागे लागला. गिलाव्याखाली लावायची लोखंडी जाळी कुणा कामगाराने त्याच्या गॅरेजमध्ये टाकली होती. ती पाहून त्याला सुचलं की नळीला अशा चिरा पाडल्या तर ती मिटलेली आत नेता येईल, आत फुगवता येईल, आणि फुगवलेलीच राहील.

"फुगवलेलीच राहील" यात सगळं आलं. ओरलला ज्याला आपण बिघाड म्हणतो, तोच इथे हवा आहे. फुग्यात १० ते १४ वातावरणाइतका दाब देतात (गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन असतो), आणि जाळीचा धातू मुद्दाम यील्ड पॉइंटच्या पलीकडे ढकलतात. फुगा काढल्यावर धातू थोडासा परत येतो, पण तेवढाच. ज्या गोष्टीने धनुष्य निकामी होतं, त्याच गोष्टीने स्टेंट कामाला लागतो.

गंमत अशी की माणसाच्या हृदयात पहिल्यांदा बसवलेला स्टेंट, १९८६ साली फ्रान्समध्ये, धनुष्याच्या जातीचाच होता. दाबून नेलेला, सोडला की आपोआप फुलणारा. शिकारीच्या बाणाची काही पातीही अशीच असतात, उडताना मिटलेली आणि लागताच उघडणारी. हृदयाच्या वाहिन्यांत शेवटी फुग्यावरचा स्टेंट जास्त रुळला. पालमाझच्या स्टेंटला अमेरिकेत १९९४ साली परवानगी मिळाली. आपोआप फुलणारे निकेल-टायटॅनियमचे स्टेंट पायाच्या आणि मानेच्या वाहिन्यांत वापरतात.

नुसतं भोक पाडून भागत नाही, हे मुंबईने याच्याही आधी पाहिलंय. परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांना सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयावरून एक कल्पना सुचली. त्यांच्या हृदयाच्या स्नायूला आतल्या पोकळीतूनच रक्त मिळतं, मग माणसाच्या का नको? त्यांनी हृदयाच्या स्नायूला सुया टोचून रक्ताला वाटा करून पाहिल्या आणि १९६५ साली ते प्रसिद्ध केलं. अशा वाटा पुढे बुजतात, कारण जखम भरून काढणं हा शरीराचा धर्मच. याच सेनांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये, जगातल्या पहिल्या हृदय प्रत्यारोपणानंतर तिसऱ्याच महिन्यात, केईएममध्ये भारतातलं पहिलं प्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. आपल्याला बर्नार्डचं नाव पाठ, सेनांचं नाव किती जणांनी ऐकलंय?

पैशाचंही सांगायला हवं. औषध लावलेला स्टेंट पूर्वी लाखाच्या पुढे जात असे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने त्याची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. नंतर ती वेळोवेळी बदलली, पण मर्यादा राहिली. ही मर्यादा नसती, तर माझ्या पुढच्या सेमिस्टरची फी त्याच बाकावर संपली असती.

आईला उत्तर दिलं ते दिवाळीत घरी गेल्यावर. मिटणार नाही, कारण धातू पलीकडे जाऊन आलाय. पण औषध लावलेलं असलं तरी आत पुन्हा मांस वाढू शकतं किंवा गुठळी होऊ शकते, म्हणून रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. आईने गोळ्यांचा डबा टीव्हीवरून देवघराशेजारी हलवला.

बाबांचा प्रश्न कामगाराचा होता. "एकदा उघडली, ठीक. पण किती ठोके सहन करते?" तेव्हा मी कॅलेंडरच्या मागे हिशोब मांडला. मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे दिवसाला १,०३,६८०. स्टेंट दहा वर्षांच्या ठोक्यांइतका मशीनवर जलद धडधडवून तपासतात, म्हणजे सुमारे ३७ कोटी ८४ लाख वेळा. एकदाच पलीकडे जायचं आणि मग उरलेलं सगळं आयुष्य, प्रत्येक ठोक्याला, अलीकडेच राहायचं. मशीन डिझाइनमधला गुडमन डायग्राम यासाठीच असतो, हे मला तेव्हा खऱ्या अर्थाने समजलं.

बाबांनी आकडा दोनदा वाचला. मग म्हणाले, "आमची डाय लाख-दीड लाख पंच झाले की ग्राइंडिंगला काढतो. म्हणजे याच्या हिशोबाने दीड दिवसात!" आणि कॅलेंडर उलटं करून पुन्हा खिळ्याला लावलं, आकडे बाहेरच्या बाजूला.