निकाल लागल्यावरचं शहाणपण



कबड्डीचा सामना टीव्हीवर रात्री संपतो. पण आमच्या भागात तो खरा सुरू होतो दुसऱ्या दिवशी सकाळी! मी राहते बारामतीत आणि शिकवते इंदापूर तालुक्यातल्या एका लहानशा गावात. रोजचा प्रवास एसटीचा. भवानीनगर, सणसर, लासुर्णे, अंथुर्णे असे थांबे घेत गाडी पुढे जाते. प्रो कबड्डीचा हंगाम असला आणि आदल्या रात्री पुणेरी पलटण हरलेली असली, की प्रत्येक थांब्यावर एक नवा प्रशिक्षक गाडीत चढतो!

"त्या पोराला कशाला पाठवलं शेवटच्या चढाईला?"

"आरं, दोन गुणांनी पुढं व्हते, तर गप येळ काढायचा ना!"

"अस्लम असता तर असं झालंच नसतं."

हे शेवटचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की ते कोणाच्या तोंडून कधी येणार हेही आता मला आधीच कळतं. वाद ऐकायला मला आवडतो. डी. एड. करताना मी स्वतः उजवा कोपरा सांभाळायचे, त्यामुळे मधेच माझंही तोंड सुटतं. पण या वादात एक गंमत आहे. ती तुम्हाला सांगायची आहे. गंमत कसली, चांगली विचार करायला लावणारी गोष्ट आहे.

आधी थोडी उजळणी. कबड्डीत एका बाजूचे सात खेळाडू मैदानात असतात. चढाई तीस सेकंदांची. एखाद्या संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसरी चढाई 'करा किंवा मरा' अशी होते. त्या चढाईत गुण मिळवायचाच, नाहीतर चढाई करणारा बाद! मग प्रश्न येतो, की या तिसऱ्या चढाईला पाठवायचं कोणाला? आपला सगळ्यात चांगला गडी पाठवला आणि तो पकडला गेला, तर पुढची काही मिनिटं तो बाहेर बसणार. दुसरा पाठवला आणि तो पकडला गेला, तर लोक म्हणणार, "चांगला गडी ठेवला कशाला, लोणच्यासारखा मुरवायला?" कर्णधाराला आणि प्रशिक्षकाला हे काही क्षणांत ठरवायचं असतं. आपल्याला मात्र ठरवायला दुसऱ्या दिवशीचा अख्खा प्रवास मिळतो.

आता खऱ्या सामन्यांकडे वळू.

१ मार्च २०२४. हैदराबादला दहाव्या हंगामाचा अंतिम सामना. पुणेरी पलटण विरुद्ध हरियाणा स्टीलर्स. मध्यंतर जवळ आलं होतं. पंकज मोहिते चढाईला गेला आणि एकाच चढाईत चार गुण घेऊन परत आला. अशा चढाईला 'अव्वल चढाई' म्हणतात. पुण्याने तो सामना २८-२५ असा जिंकला आणि पहिल्यांदाच विजेतेपद मिळवलं. दुसऱ्या दिवशी आमच्या एसटीत पंकजचं केवढं कौतुक! "काय काळीज हाय गड्याचं! आत घुसला की न्हाई!"

३१ ऑक्टोबर २०२५. दिल्लीला बाराव्या हंगामाचा अंतिम सामना. पुण्यासमोर दबंग दिल्ली. त्या वर्षी पुण्याचा संघ साखळी सामन्यांत पहिल्या क्रमांकावर होता. अंतिम सामन्यात आदित्य शिंदेने दहा गुण मिळवले. शेवटी पुणे थोडक्यात मागे असताना तोच चढाईला गेला आणि दिल्लीच्या फजल अत्राचलीने त्याला पकडलं. सामना ३१-२८ असा दिल्लीने जिंकला. दुसऱ्या दिवशी तीच एसटी आणि तीच माणसं. "येवढं आत घुसायची काय गरज व्हती?"

पाहिलंत? आत घुसून जिंकला तर काळीज, आत घुसून पकडला गेला तर मूर्खपणा! धाडस एकच, निकाल मात्र दोन. आपण धाडसाला नाव दिलं ते निकाल पाहून. आणि आणखी एक गंमत बघा. इराणचा हा फजल २०२२ साली आपल्याच पुण्याचा कर्णधार होता. तेव्हा त्याच्या पकडी आपल्याला गोड लागायच्या!

हे झालं डावपेचांचं. दुखापतींच्या बाबतीत तर आपण याहून घाई करतो.

२०२२ च्या नवव्या हंगामात पुणे पहिल्यांदा अंतिम फेरीत गेलं. १७ डिसेंबरला मुंबईत जयपूर पिंक पँथर्सशी सामना होता. पण अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे दोन तरबेज चढाईपटू दुखापतींमुळे खेळू शकले नाहीत. पुणे २९-३३ असं हरलं. फक्त चार गुणांनी! मग 'जर-तर'ला काय तोटा?

पुढे अस्लम कर्णधार झाला आणि त्याच्याच नेतृत्वाखाली २०२४ चं विजेतेपद मिळालं. तो अहिल्यानगर जिल्ह्यातला, म्हणजे आपल्या शेजारचाच. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातही तो होता. पण अकराव्या हंगामात, २०२४ च्या हिवाळ्यात, त्याचा गुडघा दुखावला आणि उरलेल्या हंगामाला त्याला मुकावं लागलं. आकाश शिंदेने कर्णधारपद सांभाळलं, तरी गतविजेता पुण्याचा संघ पहिल्या सहांतही आला नाही. त्या हंगामाचा अंतिम सामना २९ डिसेंबरला पुण्यातच, बालेवाडीला झाला. खेळले मात्र हरियाणा आणि पाटणा. पुण्याचे प्रेक्षक आपल्याच घरी पाहुण्यांसारखे बसले!

त्या दिवसांत आमच्याकडे एक वाक्य रोज ऐकू यायचं : "गुडघ्याला पट्टा बांधून उतरायचं की! आमच्या टायमाला आम्ही तसंच खेळायचो."

मुलांनो, गुडघा म्हणजे काय दाराची बिजागरी नाही. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना अस्थिबंधनं बांधून ठेवतात. दोरखंडासारख्या घट्ट पट्ट्याच त्या. चढाईपटूचा पाय प्रतिस्पर्ध्याने धरून ठेवलेला असतो आणि त्याचं शरीर मात्र मध्यरेषेकडे वळत असतं. पाय एकीकडे, अंग दुसरीकडे! मधल्या मधे पीळ बसतो तो गुडघ्याला. असं अस्थिबंधन फाटलं आणि शस्त्रक्रिया करावी लागली, तर मैदानावर परतायला बरेच महिने जातात. घाई केली तर तोच गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका असतो. पट्टा वरून बांधता येतो; आतलं फाटलेलं त्याने शिवलं जात नाही. अस्लम थांबला, आणि २०२५ मध्ये पुन्हा कर्णधार म्हणून उतरला.

पण टीव्हीवरच्या खेळाडूजवळ डॉक्टर असतात, फिजिओ असतात. आमच्या शाळेच्या मैदानावर कोण असतं? मी, प्रथमोपचाराची पेटी आणि कडेला उभं असलेलं निम्मं गाव.

मागे एकदा आमच्या मुलांचा संघ केंद्रपातळीवर जिंकून तालुक्याच्या स्पर्धेला निघाला होता. संघातला सगळ्यात चपळ चढाईपटू सातवीतला होता. वडील ऊसतोडीला, आई शेतमजुरीला. अंगाने काटकुळा, पण चढाईला गेला की वीज! स्पर्धेच्या आदल्या दिवशी सरावात त्याचा घोटा मुरगळला. संध्याकाळी घोटा सुजून पुरीसारखा फुगला. सकाळी मैदानावर तो मला म्हणाला, "बाई, कायबी न्हाई. चालतोय बगा." आणि त्याने चार पावलं टाकून दाखवली. पण चौथ्या पावलाला त्याचा खालचा ओठ दातांखाली गेला. ते मला दिसलं.

मी त्याला बाहेर बसवलं.

मग काय! गावातली जाणती मंडळी भोवती जमली. "बाई, क्रेप बांधा आन उतरवा. पोरगं सवता म्हंतंय ना खेळतो!" एक आबा म्हणाले, "उपांत्य सामना काय रोज येतो व्हय?" आबांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या पोराच्या आयुष्यात तो सामना पहिल्यांदाच आला होता. मला ते कळत होतं, म्हणूनच 'नाही' म्हणणं जड गेलं. मी एवढंच म्हणाले, "आबा, सामना पुन्हा येईल. आतमध्ये काय झालंय ते आज आपल्याला माहीत नाही."

आम्ही तो सामना तीन गुणांनी हरलो.

दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला. आणि तुम्हाला वाटेल, की हाड मोडलेलं निघालं, बाईंचं म्हणणं खरं ठरलं! तसं काही झालं नाही. हाड धड होतं. साधा मुरगळा होता. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, पंधरवड्यात पोरगं पळायला लागलं. गावात बोलणं झालं, "बगा, खेळला असता तरी चाललं असतं. बाईंनी उगंच घालवला सामना." तो मुलगाही आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

आता सांगा, निर्णय चुकला का?

याचं उत्तर मी एकटीने द्यायचं नाही असं ठरवलं. मी वर्गात फळ्यावर मधोमध एक रेघ मारली. डावीकडे लिहिलं, 'तेव्हा माहीत होतं'. उजवीकडे लिहिलं, 'नंतर कळलं'. मुलं सांगत गेली, मी लिहीत गेले. डावीकडे आलं : घोटा सुजला होता. पायावर भार घेताना दुखत होतं. एक्स-रे झाला नव्हता. उजवीकडे आलं : तीन गुणांनी हरलो. हाड मोडलेलं नव्हतं. मग मी म्हणाले, "आता उजवी बाजू हाताने झाका आणि फक्त डावीकडचं वाचून सांगा, काय करायला हवं होतं?" वर्गात दोन तट पडले, चांगला कडाक्याचा वाद झाला. काही मुलं अजूनही म्हणत होती, की शेवटच्या पाच मिनिटांना तरी उतरवायचं. म्हणू देत! पण आता ती निकालावरून भांडत नव्हती, समोर काय दिसत होतं त्यावरून भांडत होती.

त्या मुलाला मी काही विचारलं नाही. त्याने आपणहून वहीत तशीच रेघ मारली होती. वही तपासायला आली तेव्हा मी वाचलं. उजवीकडे एकच ओळ : 'हरलो.' डावीकडे दोन : 'पाय टेकत न्हवता. टेकतोय आसं मी बाईंला दाखवलं.' शुद्धलेखनाच्या चुका मी त्या दिवशी लाल केल्या नाहीत.

मोठ्या माणसांसाठी दोन शब्द. आईबाबांनो, काकाआबांनो, मैदानाच्या कडेला आपण जे ओरडतो ते मुलांच्या कानात बसतं. टीव्हीसमोर आपण "पट्टा बांधून उतरायचं की" म्हणतो, तेही मूल ऐकत असतं. मग आपला पाय सुजला, की ते तो लपवायला शिकतं. दुखतंय हे सांगणारं मूल भित्रं नसतं. ते आपल्याला एक मोलाची माहिती देत असतं. डाव्या रकान्यात लिहायची.

आणि तुमच्यासाठी, मुलांनो, एवढं लक्षात ठेवा. घोटा किंवा गुडघा मुरगळला तर खेळ तिथेच थांबवा. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं धरा. क्रेप पट्टी बांधा, फार आवळू नका. पाय उशीवर उंच ठेवा. पहिले दोन-तीन दिवस चोळायचं नाही, शेकायचं नाही आणि 'पाय उतरवून देतो' म्हणणाऱ्यांकडेही जायचं नाही. चार पावलं टाकता येत नसतील, तर सरळ डॉक्टर गाठायचा. आणि चार पावलं टाकता आली तरी, ओठ चावून टाकलेली पावलं मोजायची नाहीत!

वाद मात्र जरूर घाला. वादाशिवाय कबड्डीला मजा कसली? पुणेरी पलटणचा पुढचा सामना बघताना एक वही जवळ ठेवा. पानावर मधोमध रेघ मारा. शेवटची चढाई सुरू होण्याआधी, हो, आधीच, लिहून ठेवा, की तुम्ही कोणाला पाठवलं असतं आणि का. मग चढाई बघा. उत्तर बरोबर आलं तर ऐटीत सांगा, चुकलं तर पान फाडू मात्र नका. अशी दहा पानं भरली, की चढाईला गडी पाठवणं किती अवघड असतं ते तुमचं तुम्हालाच कळेल.