मंगळावरचा गरीब प्राणी

खेळाचे गुणदोष सांगण्याचा खरा अधिकार हरलेल्या माणसाचा. जिंकणाऱ्याला खेळ निर्दोषच वाटतो. ज्या खेळाविषयी मी आज लिहिणार आहे तो मी इतक्या वेळा हरलो आहे, की माझ्याइतका अधिकारी परीक्षक परभणी जिल्ह्यात तरी दुसरा सापडू नये.

गेल्या मे महिन्यात धाकट्या भावाची मुलगी पुण्याहून एकटीच परभणीला आली. भाऊ आला नाही. सहा वर्षांत तो आलेला नाही. त्याचे कारण ओघात येईलच. आमच्याकडचा मे म्हणजे दुपारी बारापासून पाचपर्यंत दार लावून घेऊन पंख्याखाली पडून राहण्याचा महिना. अशाच एका दुपारी तिने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. पडद्यावर पिवळे शिरस्त्राण घातलेला एक बारका पोरगा उभा होता.

"मोठे बाबा, याला ओळखता? कॉलेजात आम्हाला एका जुन्या खेळाचे गुणदोष लिहून द्यायचे आहेत. बाबा म्हणाले, दादाला विचार."

मी न ओळखून कसे चालेल? तो कमांडर कीन होता!

1994 साली वसमत रस्त्यावर एका माडीवर संगणकाचा वर्ग निघाला होता. मी अठरा वर्षांचा, भाऊ दहाचा. रविवारी मास्तरांची नजर चुकवून, आणि पुढे पुढे त्यांच्या संमतीने, आम्ही दोघे एका खुर्चीवर बसून हा खेळ खेळत असू. तो एका फ्लॉपीत मावत असे. त्यात चोरीही नव्हती. डिसेंबर 1990 मध्ये तो अमेरिकेत निघाला तेव्हा कर्त्यांनीच ठरवले होते, की पहिला भाग कुणीही कुणालाही उतरवून द्यावा. आवडल्यास पुढचे दोन पैसे पाठवून मागवावेत. आम्हाला आवडला, पैसे मात्र नव्हते. त्यामुळे आमचा कीन कायमचा पहिल्या भागातच राहिला.

गोष्ट साधी आहे. बिली नावाचा आठ वर्षांचा मुलगा सूपचे डबे वगैरे जमवून घरीच अग्निबाण बनवतो आणि आईबाप बाहेर गेलेले पाहून मंगळावर जातो. तो फिरायला उतरताच शत्रू त्याच्या यानाचे चार भाग पळवतात. त्यात मोटारीची बॅटरी आहे, झाडलोटीचे विजेचे यंत्र आहे आणि इंधन म्हणून दारूची बाटलीसुद्धा आहे! ते परत मिळवायचे आणि आई येण्यापूर्वी घर गाठायचे. बदलीच्या भीतीने नोकरदार मंडळी 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणतात ना, तशीच कीनची अवस्था. जमले तर घर, नाही तर मंगळ!

आता गुण. पहिला गुण म्हणजे चित्राची चाल. पीसीवर तोपर्यंत असे खेळ बहुधा अडखळत चालत. जॉन कारमॅक या तरुणाने युक्ती काढली, की पडद्यावरचे सगळे चित्र दरवेळी नव्याने काढायचे नाही. जेवढे बदलले तेवढेच काढायचे. शहाण्या सुनेने भिंतीचा जेवढा पोपडा निघाला तेवढाच सारवावा, तसे. म्हणून कीन धावू लागला की मंगळ त्याच्या मागे सुरळीत सरकतो. दुसरा गुण, टॉम हॉलने रचलेली ती दुनिया. नकाशावर हिंडावे, वाटेल त्या नगरात शिरावे, उड्या मारण्याची स्प्रिंगची काठी एका देवळात सापडावी! नकाशाच्या एका टोकाला बर्फ आहे. आणि मंगळाच्या ध्रुवांवर तो खरोखरच आहे.

दोषही पुष्कळ. मंगळावर वजन पृथ्वीच्या सुमारे 38 टक्के भरते. तिथे कीनने अडीचपट उंच उडायला हवे. पण तो आमच्या गल्लीतल्या पोरांइतकाच उडतो. संगीत नाही, नुसती पिपाणी वाजते. खेळ जपून ठेवायची सोय फक्त नकाशावर; नगराच्या मध्यात असताना वीज गेली की सगळे पाण्यात. आणि वीज तर आमच्याकडे रोज जाई. पण सर्वांत मोठा दोष बटणांचा. कंट्रोलने उडी, ऑल्टने काठी, आणि दोन्ही एकदम दाबली की गोळी. घाबरलेल्या माणसाची बोटे दोन्ही बटणे एकदमच दाबतात.

माझी दाबली गेली.

त्या मंगळावर यॉर्प नावाचा प्राणी आहे. हिरवा, एकडोळ्या, भाबडा. तो चावत नाही, मारत नाही. अंगाशी येऊन नुसता ढकलतो. डोक्यावर उडी मारली तर घटकाभर भोवंडून उभा राहतो. भावाचा त्याच्यावर फार जीव होता. तो त्याला कधी मारत नसे. एका रविवारी एक यॉर्प मला कड्याच्या टोकाशी ढकलू लागला, मी बावरलो, आणि गोळी सुटली. यॉर्प उताणा पडला. इतर खेळांत मेलेला प्राणी नाहीसा होतो. इथे तो पडूनच राहतो. टॉम हॉलचा तसा आग्रह होता. केल्या कर्माची खूण राहते, हे मुलांना कळावे म्हणून. चुकलेली किल्ली शोधायला मी तीनदा त्याच वाटेने गेलो, आणि तीनदा तो तिथेच होता. भाऊ काही बोलला नाही. फक्त खुर्चीवरून उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला.

आई गेल्यावर जिंतूर रस्त्यालगतच्या शेताची वाटणी झाली. बांधावर, चार माणसांदेखत मी त्याला म्हणालो, "आईचे मी केले. तू पुण्यात बसून काय केलेस?" शेवटच्या वर्षी तो दर शनिवारी रात्रीच्या गाडीने येऊन तिच्या उशाशी बसत असे, हे मला ठाऊक होते. दुःख आणि राग एकदम दाबले गेले, आणि शब्द सुटला. त्या दिवशीही तो काही बोलला नाही. सहा वर्षे मी त्याच वाटेने जातो आहे. शब्द तिथेच पडलेला आहे.

"दोषांत काय लिहू?" मुलीने विचारले.

मी बटणांचा दोष सांगितला. एकदा पुरे केलेल्या नगरात पुन्हा शिरता येत नाही, हाही सांगणार होतो, पण तो सांगवेना. "आणि मेलेले प्राणी पडून राहतात ते? वर्गातले काहीजण म्हणतात, लहान मुलांच्या खेळात हे बरे नाही."

"ते गुणांत लिही," मी म्हणालो. "पहिल्या क्रमांकावर."

मग मी लॅपटॉप ओढून घेतला आणि पहिले नगर खेळलो. पुरता एक तास लागला, चारदा मेलो. संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून झाल्यावर भावाला फोन लावला. पलीकडून "दादा?" एवढेच आले. बांधावरच्या त्या शब्दाविषयी जे बोलायचे होते ते सहा वर्षे घोकलेले होते, पण तोंडातून निघाले भलतेच.

"अरे, आज एकही यॉर्प मारला नाही."

बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग तो हळूच म्हणाला, "दोन बटणे एकदम दाबत जाऊ नकोस, दादा. मी तेव्हाच सांगणार होतो."