बंधाऱ्यावरची पातळी आणि नातवंडाचे शब्द

कोल्हापूरच्या उत्तरेला पंचगंगेच्या काठी कसबा बावडा आहे. येथील लक्ष्मी विलास राजवाड्यात २६ जून १८७४ रोजी राजर्षी शाहू महाराजांचा जन्म झाला. हिवाळ्यात या रस्त्याने उसाच्या गाड्या राजाराम साखर कारखान्याकडे जातात. पावसाळ्यात मात्र साऱ्या जिल्ह्याचे लक्ष येथील राजाराम बंधाऱ्याकडे लागलेले असते. पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. इशारा मिळताच नदीकाठची माणसे आवराआवर सुरू करतात. धोक्याची वाट पाहत बसत नाहीत.

काही वर्षांपूर्वी याच बंधाऱ्यावर फिरताना एक परिचित आजोबा भेटले. सोबत सव्वादोन वर्षांचा नातू. हवे ते बोटाने दाखवी. शब्द एकही नाही. ‘त्याचा बापही उशिराच बोलला,’ असे आजोबा म्हणाले. मीही ‘बोलेल, थोडे थांबा,’ असे सांगून मोकळा झालो. वर्षभराने तपासणी झाली, तेव्हा त्याला दोन्ही कानांनी कमी ऐकू येत असल्याचे कळले. श्रवणयंत्र लागले, वाचा-उपचार सुरू झाले, मूल बोलू लागले. पण हातचे गेलेले ते वर्ष परत आले नाही. चूक माझी होती. म्हणूनच हे आपल्याला सांगतो आहे.

मुलाच्या बोलण्यालाही इशारा पातळी असते. वर्षाच्या आसपास बाळ नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, सव्वा-दीड वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द येत नसेल, दोन वर्षे झाली तरी ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द मागे पडले असतील, तर थांबू नका. काही मुले उशिरा बोलतात हे खरे. पण आपले मूल त्यांतलेच आहे, हे तपासणीशिवाय ठरवता येत नाही. पहिली तपासणी कानांची. दरवाजाच्या आवाजाने मूल दचकते, एवढ्यावरून त्याला सारे ऐकू येते असे समजू नये. अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही आपण शंका विचारू शकता.

जिभेला वेखंड लावल्याने वाचा फुटत नाही. आणि मध तर एक वर्षाखालील बाळाला मुळीच चाटवू नये. ‘आई नोकरीला जाते म्हणून मूल बोलत नाही,’ असा ठपकाही सुनेवर ठेवू नका. आधीच काळजीने खचलेल्या आईला तपासणीसाठी सोबत हवी असते, दोष नव्हे.

उपचार आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी तासभर होतात. उरलेला सारा वेळ घरच्यांचा. येथे आजी-आजोबांची खरी गरज असते. मोबाईल घरी ठेवून नातवाला बंधाऱ्यापर्यंत फिरवून आणा. त्याच्या उंचीला वाका, ते जिकडे पाहील त्याचेच नाव घ्या. ते ‘म्हस’ म्हणाले, तर ‘हो, काळी म्हैस पाण्यात बसली,’ असे म्हणा. ‘म्हण, म्हण’ असा धोशा लावू नका. प्रश्न विचारलात, तर मनात दहा आकडे मोजेपर्यंत उत्तराची वाट पाहा. मूल अडखळत असेल, तर त्याचे वाक्य आपण पुरे करू नका. पाहुण्यांपुढे बोलून दाखवायलाही लावू नका.

शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. शाळेचे दार असे उघडले गेले. पण त्या दारातून आत जाताना मुलाजवळ भाषा हवी. ती घरात रुजते.

ते आजोबा आजही नातवाला घेऊन बंधाऱ्यावर येतात. परवा त्या मुलाने मला थांबवून पाण्याकडे बोट दाखवले आणि सावकाश विचारले, ‘डॉक्टर, आज किती फूट?’ मी त्याच्यासमोर वाकलो आणि त्याला माझे ओठ दिसतील असे उत्तर दिले.