सवलतीची पाच वर्षं

कर्ज फिटत नाही म्हटलं की लोक आधी तुमच्या पायातले बूट आणि हातातला मोबाइल बघतात. माझ्याकडे बघण्यासारखं काही नव्हतं. पुण्यात कॉट बेसिसवर राहत होते, एका खोलीत चौघी. हिंजवडीला जायला पीएमपीचा पास. रविवारी रात्री मेस बंद, म्हणून दुपारच्याच दोन पोळ्या डब्यात काढून ठेवायच्या आणि रात्री शेंगदाण्याच्या चटणीशी खायच्या. चटणी आई अंबाजोगाईहून पाठवायची.

इंजिनिअरिंगला २०१२ साली प्रवेश घेतला, तो शैक्षणिक कर्ज काढून. आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर शिक्षणकाळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. आमचं थोडंसं वर गेलं. चार लाखांपुढच्या कर्जाला तेव्हा जामीनदार लागायचा, मामा उभे राहिले.

बँकेच्या शाखेतले साहेब म्हणाले, "शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत एक रुपयाही भरायचा नाही." आप्पांना ते उपकारासारखं वाटलं. भरायचं नसलं तरी व्याज लागतच होतं. वर्षाला दीड लाख असे सहा लाख उचलले, दर ११ टक्के. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचं व्याज, दुसऱ्यावर चार, पुढे तीन, दोन. झाले २ लाख ३१ हजार. सरळव्याजच, पण हप्ता सुरू होताना ते मुद्दलात मिळवलं गेलं. ८ लाख ३१ हजारांवर दहा वर्षांसाठी महिना साधारण ११,४५०. माझ्या हातात पगार येत होता २४ हजार.

शिकत असतानाच व्याज भरत गेलं तर दरात एक टक्का सूट मिळते, हे शाखेत कुणी सांगितलं नाही. पहिल्या वर्षी ते महिन्याला १,४०० रुपयांच्या आत होतं. चौथ्या वर्षी साडेपाच हजार जड गेले असते, पण आप्पांनी कुठूनतरी जमवले असते. प्राप्तिकरात ८०-ई कलमाखाली या व्याजाची वजावट मिळते म्हणून ऑफिसात सगळे सांगायचे. माझ्या पगाराला करच लागत नव्हता, वजावट कशातून घेणार?

मधल्या काळात मामा ट्रॅक्टरच्या कर्जासाठी गेले, तर त्यांच्या सिबिलमध्ये माझं कर्ज दिसलं. मॅनेजरनं त्यांना तासभर बसवून विचारपूस केली. मामा फोनवर म्हणाले, "तुझं काही नाही गं, त्यांची पद्धतच असते." तोवर माझा एकही हप्ता चुकला नव्हता. मग मी खातेउतारा काढून मामांना पाठवला आणि पाठवण्याआधी पहिल्यांदाच नीट वाचला.

दोन वर्षांत पावणेतीन लाख भरले होते. बाकी होती ७ लाख २९ हजार. घेतले होते सहा. पहिल्या हप्त्यातले साडेसात हजारांहून जास्त नुसते व्याजात गेले होते. चहा सोडून, चपला शिवून घालून वाचवलेल्या शे-दोनशेंचा त्या आकड्यांपुढे काय पाड?

त्याच महिन्यात बोनस आला. साठवलेले मिळवून ५० हजार घेऊन शाखेत गेले. शैक्षणिक कर्जात मुदतीआधी पैसे भरले तर दंड लागत नाही, हे एव्हाना मीच वाचून काढलं होतं. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "हप्ता कमी करू की मुदत?"

"मुदत."

शेवटचे दहा हप्ते गेले. म्हणजे १ लाख १४ हजार.