गाडीने झाशीला जाताय? आधी सायलेन्सरचा आवाज ऐका

मराठी घरात झाशी हे नाव सगळ्यात आधी शाळेच्या पुस्तकातून येते. राणी लक्ष्मीबाई, पाठीला बांधलेले मूल आणि किल्ला. पण आता झाशी फक्त पुस्तकात राहिलेली नाही. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि पोरबंदर ते सिलचर जाणारा राष्ट्रीय महामार्ग २७, हे दोन्ही झाशीपाशी एकमेकांना भेटतात. नागपूरहून हे अंतर सुमारे सहाशे किलोमीटर. त्यामुळे सुट्टीत गाडी काढून झाशी, ओरछा करून येणारी कुटुंबे बरीच आहेत.

या वाटेवर गाडीच्या एका भागाची खरी परीक्षा होते. तो भाग आपल्याला दिसत नाही, फक्त ऐकू येतो. तो म्हणजे इंजिनापासून मागच्या बंपरपर्यंत जाणारी धुराची नळी आणि तिच्यावरचा सायलेन्सर.

नागपूर ते झाशी

नागपूर सोडले की पेंचचे जंगल लागते. इथे महामार्ग काही ठिकाणी उंच खांबांवरून जातो, म्हणजे वन्यप्राण्यांना खालून मोकळी वाट मिळते. गाड्यांचा आवाज आणि दिव्यांचा उजेड जंगलात जाऊ नये म्हणून मध्य प्रदेशाच्या हद्दीत कडेला उंच भिंतीही आहेत. पुढे सिवनी, लखनादौन, नरसिंहपूर, सागर, ललितपूर आणि मग झाशी.

सागरच्या पुढे हळूहळू बुंदेलखंडाचा रंग दिसू लागतो. कडेला गोल गोल खडकांच्या टेकड्या, मध्येच तळी आणि पलाशाची झाडे. झाशीच्या आसपास ग्रॅनाइट फोडणारे क्रशर आहेत. त्यामुळे खडी भरलेले डंपर, रस्त्यावर सांडलेले दगड आणि धूळ यांची सवय ठेवावी लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. मुख्य रस्ता चांगला असला, तरी काम चालू असेल तिथे कच्चे वळण असते आणि गावागावांत उंच गतिरोधक असतात. पाच माणसे आणि सामान भरलेली गाडी आधीच खाली बसलेली असते. अशा वेळी सगळ्यात आधी घासते ती पोटाखालची नळी.

आजीचे डोके दुखले तेव्हा

गेल्या हिवाळ्यात आम्ही पाच जण गेलो होतो. ललितपूरच्या पुढे एका कच्च्या वळणावर खालून दगड लागल्याचा आवाज आला. बाबांनी उतरून पाहिले, खाली काही लोंबकळत नव्हते. पण पुढच्या पंधरा मिनिटांत गाडीचा सूर बदलला. ॲक्सिलरेटर दाबला की फटफट असा आवाज. बाबा म्हणाले, "गाडीची नारोशंकराची घंटा झाली!"

हसण्यावारी जाईल असे वाटत होते. पण चढावर गाडी ओढेना, पिकअप गेला होता. समोरच्या पडद्यावरचा ॲव्हरेजचा आकडाही खाली येऊ लागला. आणि मागच्या सीटवर बसलेली आजी म्हणाली, "अरे, माझं डोकं जड झालंय. मळमळतंय सुद्धा."

बाबांनी लगेच एसी बंद केला, सगळ्या काचा खाली केल्या आणि जागा मिळताच गाडी बाजूला घेतली. आम्ही सगळे उतरून मोकळ्या हवेत बसलो. अर्ध्या तासात आजीला बरे वाटले. मग काचा उघड्या ठेवून सावकाश झाशी गाठली आणि आधी हॉटेल नाही, गॅरेज शोधले.

मिस्त्री वयस्कर होते. ते एवढेच म्हणाले, "बाबूजी, पहले ठंडी होने दो." गाडी थंड झाल्यावर त्यांनी ती वर उचलली, पुन्हा चालू केली आणि मागच्या नळीच्या तोंडावर जाड फडके क्षणभर धरले. इंजिनाजवळच्या जोडातून सुस्कारा ऐकू आला. तिथे काजळीचा काळा पट्टाही होता. नट ढिले होऊन मधले पॅकिंग उडाले होते. शिवाय मागे एका जागी नळी दगडाने चेपून चपटी झाली होती. नवे पॅकिंग, नवे नटबोल्ट आणि चेपलेला तुकडा कापून नवा जोडला. वेल्डिंग करण्याआधी त्यांनी बॅटरीची वायर काढली, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला धक्का बसत नाही. दोन-तीन तासांत काम झाले.

कडक बिजली आणि इंजिन

दुसऱ्या दिवशी किल्ल्यात गेलो. प्रवेशापाशीच 'कडक बिजली' ही तोफ ठेवलेली आहे. तिच्याकडे पाहताना इंजिनाचे काम चटकन समजते. तोफेत दारू जळते, गरम वायू फुगतो आणि गोळा बाहेर फेकला जातो. इंजिनात पेट्रोल किंवा डिझेल जळते आणि तोच फुगलेला वायू पिस्टन ढकलतो. पण तोफ एकदा डागली की पुन्हा भरण्याआधी तिची नळी आतून पुसून साफ करावी लागत असे. इंजिनालाही जळलेला वायू बाहेर टाकल्याशिवाय ताजी हवा आत घेता येत नाही. फरक एवढाच की इंजिनाला हे एका मिनिटात हजारो वेळा करायचे असते.

आता नळी चेपली, किंवा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून चोंदला, तर काय होईल? जळलेला वायू पूर्ण बाहेर पडत नाही. तो सिलिंडरमध्ये जागा अडवून बसतो आणि ताजी हवा कमी शिरते. गाडी हळू चालवताना फारसे जाणवत नाही, पण चढावर किंवा ओव्हरटेक करताना दम लागतो. इंजिन जास्त तापते.

नळीला इंजिनाजवळ भोक पडले तर प्रकार वेगळा. धूर सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी त्या भोकातून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढे बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरला ही जास्तीची हवा दिसते. इंधन कमी पडतेय असे समजून कॉम्प्युटर आणखी पेट्रोल सोडतो. पेट्रोल उगाच जळते, ॲव्हरेज पडते, प्लग काळे होतात आणि महागडा कन्व्हर्टर तापून खराब होतो. टर्बो असलेल्या डिझेल गाडीत टर्बोच्या आधी गळती झाली, तर टर्बोला फिरवणारा जोरच कमी होतो.

मात्र अगदी मागच्या डब्याला भोक असेल तर बहुतेक वेळा फक्त आवाज वाढतो, इंजिनावर फारसा परिणाम होत नाही. तरी दुरुस्ती टाळू नका. कारण पुढचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे.

न दिसणारा धोका

गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. गळका धूर गाडीच्या तळातून आत आला आणि काचा बंद असल्या, तर आधी डोके दुखते, मळमळते, झोप येते. लांबच्या प्रवासात झोप येणे आपल्याला नेहमीचेच वाटते, म्हणून हा धोका लक्षात येत नाही. म्हातारी माणसे, लहान मुले आणि गरोदर बायका यांना त्रास लवकर होतो. आवाज बदलला आणि कुणाचे डोके दुखू लागले, तर काचा उघडा, थांबा, सगळ्यांना बाहेर काढा. गुंगी किंवा चक्कर असेल तर थेट दवाखाना गाठा. थांबलेल्या गाडीत एसी लावून झोपू नका.

झाशीत काय पाहाल?

किल्ला ओरछाचे राजे वीरसिंह देव यांनी १६१३ मध्ये बांधला. पुढे १७४२ पासून पेशव्यांचे सुभेदार नारोशंकर इथे होते. त्यांनी किल्ला वाढवला, तो भाग शंकरगढ. वसईच्या विजयाची आठवण सांगणारी नाशिकच्या गोदाकाठची मोठी घंटा याच नारोशंकरांच्या मंदिरातली. बाबांचा विनोद झाशीत अगदी घरी आल्यासारखा वाटला!

शहरातल्या गणेश मंदिरात १८४२ मध्ये गंगाधरराव आणि लक्ष्मीबाई यांचे लग्न झाले. राणी महालातली रंगीत छते आणि जुन्या मूर्ती, लक्ष्मी तलावाजवळची गंगाधररावांची छत्री, हेही पाहा. १८५८ च्या वेढ्यात पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे शहरात होते. त्यांचे 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापले गेले. जाण्याआधी ते वाचले तर किल्ला वेगळाच दिसतो.

सुमारे १८ किलोमीटरवर ओरछा आहे. तिथला बेतवेवरचा अरुंद, बुटका पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातो. साचलेल्या पाण्यातून तापलेली गाडी जोरात घालू नका. लाल झालेल्या कन्व्हर्टरवर गार पाणी पडले तर आतली चिनी मातीची जाळी तडकू शकते.

निघण्यापूर्वी

• गाडी थंड असताना चालू करा आणि बोनेटजवळ टकटक किंवा फुसफुस येते का ऐका.
• गॅरेजमध्ये गाडी वर उचलून नळी, जोड आणि रबरी लटकण पाहून घ्या.
• टपावर आणि डिकीत गरजेपेक्षा जास्त सामान भरू नका. खाली घासण्याचे निम्मे प्रसंग टळतील.
• 'सायलेन्सर काढला की ताकद वाढते' यावर विश्वास ठेवू नका. इंजिन मूळ नळी धरूनच जुळवलेले असते.
• वाटेत चेक इंजिनचा दिवा लागला आणि आवाजही बदलला, तर पुढच्याच गावात दाखवा.

गॅरेजची ही फेरी अर्ध्या तासाची. ती निघायच्या आदल्या आठवड्यात करून टाका, म्हणजे झाशीतला पहिला दिवस किल्ल्यावरच जाईल.